न घडलेल्या घटनेसाठी एक रकाना: नेमणूक व पदोन्नती समित्यांना खुले पत्र

प्रति,
विद्यापीठे आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेमणूक व पदोन्नती समित्यांचे सर्व सदस्य

स.न.वि.वि.

एका फोनपासून सुरुवात करते. मी तेव्हा रुग्णालयाच्या औषधविभागात नवीनच लागले होते. संधिवात असलेल्या एका बाईंना डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिले होते. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर तोंडात व्रण येतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते, आणि वेळेवर लक्षात आले नाही तर माणूस दगावतो. मी पाकिटावर लिहिले, ‘रोज एक’. संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला. ‘डॉक्टर म्हणाले होते आठवड्यातून एकदा, आणि तुम्ही रोज लिहिलंय. मी नक्की काय करू?’ त्यांनी विचारले म्हणून त्या वाचल्या. मी माफी मागितली, लेबल बदलून दिले आणि घरी गेले. त्या दिवसाच्या नोंदवहीत यातले एक अक्षरही गेले नाही. काही घडलेच नव्हते, मग लिहिणार काय?

पुढची २८ वर्षे मी याच प्रश्नात घालवली. आज मी औषधसुरक्षेची प्राध्यापक आहे आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. मला आपल्याकडून स्वतःसाठी काहीही नको आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिता येते आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्या कामाचे फळ म्हणजे एखादी गोष्ट न घडणे, त्या कामाला आपल्या मूल्यमापनाच्या तक्त्यात जागा नाही. त्यामुळे ते काम उत्तम करणारी तरुण माणसे एकामागून एक विद्यापीठ सोडून जात आहेत. तक्ता बदलायचा अधिकार आपल्याच हातात आहे.

आधी हे काम काय आहे ते सांगते, कारण समितीसमोर बसलेल्या प्रत्येक वेळी मला जाणवले की सदस्यांच्या मनात त्याचे अर्धेच चित्र असते. औषधसुरक्षा म्हटले की दुष्परिणाम आठवतात: औषध नीट दिले, तरी त्यानेच अपाय केला. हे अर्धे चित्र खरे आहे आणि त्याचा इतिहास मोठा आहे. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आले आणि १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये तिथून मागे घेतले गेले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे त्याचे परिणाम घेऊन जन्माला आली. त्या धड्यातून १९६४ मध्ये दुष्परिणाम कळवण्यासाठी ब्रिटनची ‘यलो कार्ड’ योजना निघाली आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आंतरराष्ट्रीय औषध-निरीक्षण कार्यक्रम सुरू झाला.

याच प्रकरणातल्या फ्रान्सिस केल्सी यांची कारकीर्द मी आपल्यापुढे मुद्दाम ठेवते. त्या १९६० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि महिन्याभरातच थॅलिडोमाइडच्या परवान्याचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. औषध इतर देशांत आधीच विकले जात होते. कंपनीचा तगादा चालू होता. केल्सी पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिल्या: पुरावा अपुरा आहे, आणखी माहिती द्या. परवाना मिळाला नाही. नमुना म्हणून डॉक्टरांना वाटलेल्या गोळ्यांमुळे तिथेही काही बाळांना अपाय झाला, पण औषध त्या देशाच्या बाजारात आले नाही.

हा हट्ट त्यांच्यात आला कुठून? १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे एक पातळ औषध विकले गेले. ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरले होते आणि ते घेऊन शंभरावर माणसे मेली. कारण शोधण्यासाठी शिकागो विद्यापीठात प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि त्या प्रयोगांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये केल्सी होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी पीएचडी पूर्ण केली. १९६० मधल्या त्या नकारामागे विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत घेतलेले शिक्षण होते. त्यांनी नवे औषध शोधले नाही. त्यांच्या कामाचे मोठे फळ म्हणजे एक परवाना जो दिला गेला नाही. आपला आजचा अर्जाचा नमुना त्यांनी भरायचा ठरवला असता, तर हे कोणत्या रकान्यात लिहिले असते, याचा आपण विचार करावा.

चित्राची उरलेली अर्धी बाजू माझ्या कामाची आहे. औषध चांगले, डॉक्टर हुशार, परिचारिका मन लावून काम करणारी, आणि तरीही चुकीचे औषध, चुकीचा डोस, चुकीचा मार्ग, चुकीचा माणूस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या विषयावर जगभराची मोहीम जाहीर केली तेव्हा औषधोपचारातल्या चुकांचा वार्षिक खर्च ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला होता, आणि टाळता येण्याजोगा गंभीर अपाय ५ वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. हे कसे साधायचे, ते सांगणारे संशोधक कुठे आणि कोणत्या पगारावर तयार व्हायचे, हा प्रश्न मात्र विद्यापीठांच्या बैठकांत क्वचितच निघाला.

या क्षेत्रातला सर्वांत जुना प्रश्न म्हणजे चूक मोजायची कशी. केनेथ बार्कर या अमेरिकन औषधतज्ज्ञाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला एक सरळ मार्ग दाखवला: वॉर्डात उभे राहून पाहा. निरीक्षक परिचारिकेबरोबर फिरतो, ती कोणाला काय, किती आणि कोणत्या मार्गाने देते ते टिपतो, आणि मग डॉक्टरांच्या मूळ आदेशाशी ताडून पाहतो. बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ३६ संस्थांतली एक तुलना प्रसिद्ध केली. पाहिलेल्या डोसांत ४५७ चुका पक्क्या ठरल्या होत्या. प्रत्यक्ष निरीक्षणातून त्यांतल्या ३०० सापडल्या. रुग्णांचे कागद चाळून १७ सापडल्या. आणि कर्मचाऱ्यांनी स्वतःहून भरायच्या चूक-नोंद फॉर्ममधून सापडली फक्त १.

हा शेवटचा आकडा मी दरवर्षी विद्यार्थ्यांपुढे फळ्यावर लिहिते आणि त्यांना त्याच्याकडे बघत राहू देते. रुग्णालयाचे व्यवस्थापन ज्या फॉर्मवरून आपले रुग्णालय सुरक्षित आहे असे ठरवते, त्या फॉर्मला चारशे सत्तावन्नातली एक चूक दिसते.

प्रत्यक्ष निरीक्षण ऐकायला सोपे वाटते. करायला ते फार जड जाते. सकाळची औषधफेरी सुरू होण्याआधी वॉर्डात हजर व्हायचे. पहिले दोन दिवस सिस्टर अवघडलेल्या असतात, तिसऱ्या दिवशी त्यांना आपला विसर पडतो, आणि खरा अभ्यास तिथून पुढे. ट्रॉली, चार्ट, गोळ्यांची पाकिटे, मध्येच फोन, मध्येच नातेवाईक, मध्येच दुसऱ्या खाटेवरची घंटा. जोहाना वेस्टब्रुक यांच्या चमूने सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांबरोबर असेच फिरून ४,२७१ वेळा औषध देताना पाहिले. २०१० मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा होता: दर व्यत्ययागणिक औषध देण्यातली चूक साधारण १२ ते १३ टक्क्यांनी वाढते. आज जगात कुठेही एखाद्या वॉर्डात ‘औषध देत आहे, कृपया बोलू नका’ असे लिहिलेले दिसले, तर त्यामागे अशा तासन्‌तास उभे राहून केलेल्या टिपणांचा वाटा आहे.

माझी एक विद्यार्थिनी अशीच सहा महिने वॉर्डांत उभी राहिली. आमचा नियम ठरलेला आहे. धोकादायक डोस दिला जाताना दिसला, तर आधी थांबवायचे आणि मग नोंद करायची. हळूच म्हणायचे, ‘सिस्टर, एकदा चार्ट बघता का?’ एका सकाळी तिने हे वाक्य उच्चारले तेव्हा सिरिंजमध्ये १०० युनिट इन्सुलिन भरलेले होते. हवे होते १०. चार्टवर ‘युनिट’ या शब्दाचे इंग्रजी आद्याक्षर घाईत इतके गोल लिहिले गेले होते की ते शून्यच वाटत होते. हा वाचनाचा घोटाळा जगभर ठाऊक आहे, म्हणूनच तो शब्द पूर्ण लिहावा असा आग्रह धरला जातो. सिस्टरनी चार्ट पाहिला, सिरिंज खाली ठेवली आणि भिंतीला टेकल्या. खाटेवरचे आजोबा झोपलेले होते. त्यांना आजही काही ठाऊक नसेल.

त्या सहा महिन्यांचे काय झाले? एक शोधनिबंध झाला. इन्सुलिनची ती सकाळ त्यातल्या एका तक्त्यात एका अंकात विरघळून गेली. विषय अरुंद म्हणून निबंध मध्यम दर्जाच्या नियतकालिकात आला. कायम नेमणुकीसाठी तिने अर्ज केला तेव्हा समितीने निबंधांची संख्या मोजली, नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यांतल्या निबंधांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा उल्लेख करतात, तो आकडा) पाहिला आणि दुसऱ्या उमेदवाराला निवडले. त्या उमेदवारांनी आधीच छापून उपलब्ध असलेल्या माहितीच्या आधारे बसल्या जागी बरेच निबंध लिहिले होते. ते उमेदवार चांगलेच होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझी विद्यार्थिनी आता एका कंपनीत विक्रीच्या अंदाजांचे काम करते. तिने मला लिहिले, ‘मॅडम, मला वॉर्डाची आठवण येते.’ ते पत्र मी जपून ठेवले आहे.

आता आपल्या समित्यांकडून या क्षेत्राचे आकडे कसे उलटे वाचले जातात ते सांगते. मला स्वतःला एकदा पदोन्नती नाकारली गेली, तेव्हाची गोष्ट. आम्ही तीन वर्षे खपून एका रुग्णालयात चूक नोंदवण्याची पद्धत बदलली होती: नाव विचारायचे नाही, शिक्षा करायची नाही, आणि नोंदवलेल्या प्रत्येक चुकीचे पुढे काय केले ते आठवड्याच्या आत नोंदवणाऱ्याला कळवायचे. नोंदी वाढत गेल्या. माझा अहवाल हातात घेऊन एक सदस्य म्हणाले, ‘तुमच्या प्रकल्पानंतर चुका वाढलेल्या दिसतात.’ मी समजावले की चुका आधीही होत्या, आता त्या दिसू लागल्या आहेत. लोकांचा विश्वास बसला म्हणून ते लिहू लागले. ते गृहस्थ प्रामाणिक होते, पण पटले नाही. नोंदी कमी होणे म्हणजे सुधारणा, ही समजूत इतकी घट्ट बसलेली असते. आमच्या कामात मात्र शांत नोंदवहीची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

त्याच मुलाखतीत दुसरा प्रश्न आला: ‘तुम्ही नवीन काय शोधलंत?’ याचे उत्तर तेव्हा नीट देता आले नाही, ते आज देते.

पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत दिले तर हृदय बंद पडते. त्याची ॲम्प्यूल आणि साध्या सलाइनची ॲम्प्यूल कित्येक ठिकाणी सारखीच दिसते. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ मध्ये गंभीर घटनांबाबत इशारापत्रे काढायला सुरुवात केली, त्यातले पहिलेच पत्र या औषधाबद्दल होते. उपाय सगळ्यांना माहीत होता: तीव्र द्रावण वॉर्डाच्या कपाटातून काढा, औषधविभागातून पातळ करूनच पाठवा. व्हिन्क्रिस्टीनचेही असेच. कर्करोगावरचे हे औषध शिरेतून द्यायचे असते. चुकून पाठीच्या कण्यात गेले तर मृत्यू जवळजवळ ठरलेला, आणि तोही वेदनेचा, काही दिवस चालणारा. अशा घटना वैद्यकीय साहित्यात १९६८ पासून नोंदलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये त्यावर इशारा काढला. इथलाही उपाय साधा आहे: औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या पिशवीत पातळ करून द्या, म्हणजे ते कण्यात देण्याच्या सिरिंजशी गल्लत होण्याजोगे राहतच नाही.

पहिली नोंद आणि जागतिक इशारा यांच्यामध्ये ३९ वर्षे गेली. त्या काळात कोणाला काही माहीत नव्हते असे नाही. माहीत असलेली गोष्ट हजारो वॉर्डांत रोज रात्रीच्या पाळीतही तशीच घडेल, याची व्यवस्था कशी लावायची ते कोणी शोधले नव्हते. पोटॅशियम कपाटातून काढले तर रात्री दोन वाजता तातडीने लागले तर कुठून आणायचे? औषधविभाग रात्री बंद असेल तर? नव्या निवासी डॉक्टरला हे कोण सांगणार? एका वॉर्डात बसवलेली व्यवस्था दुसऱ्या वॉर्डात का कोसळते? हे प्रश्न संशोधनाचे आहेत. त्यांना पद्धत लागते, तुलनागट लागतो, संख्याशास्त्र लागते, आणि माणसांशी बोलण्याची हातोटी लागते. ‘हे तर आधीच ठाऊक होते’ असे म्हणून आपण जो अर्ज बाजूला ठेवता, त्यात बहुधा यातल्याच एखाद्या प्रश्नाचे उत्तर असते.

एखाद्या उपायाचा पुरावा एका ठिकाणी मिळाला म्हणून तो सगळीकडे चालतो असेही नाही. संगणकावरून औषध लिहिण्याचीच गोष्ट घ्या. डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी बोस्टनच्या रुग्णालयात त्याचा अभ्यास केला आणि १९९८ मध्ये दाखवले की रुग्णापर्यंत पोहोचणाऱ्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. २००५ मध्ये रॉस कॉपेल यांच्या अभ्यासाने अशाच एका संगणक प्रणालीमुळे वाढलेले चुकांचे २२ प्रकार समोर आणले: यादीतल्या शेजारच्या रुग्णावर टिचकी पडणे, एका रुग्णाची औषधे अनेक पडद्यांवर विखुरलेली असणे, असे कितीतरी. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. पहिल्या अभ्यासाचे स्वागत सहज होते. दुसऱ्या प्रकारचा अभ्यास करणाऱ्याला मात्र आपल्याच संस्थेने मोठा खर्च करून घेतलेल्या प्रणालीतले दोष छापावे लागतात, आणि त्यासाठी धारिष्ट लागते.

यातली अडचण मी जवळून पाहिली आहे. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने त्याच्याच रुग्णालयातल्या सूचनांचा अभ्यास केला. औषध लिहिताना पडद्यावर धोक्याची सूचना येते, ती डॉक्टर किती वेळा वाचतात आणि किती वेळा पुढे ढकलतात, हा विषय. या विषयावरच्या अभ्यासांचा २००६ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात सूचना डावलण्याचे प्रमाण ४९ ते ९६ टक्के आढळले होते, तेव्हा त्याचे निष्कर्ष काही जगावेगळे नव्हते. तरी ‘संस्थेचे नाव खराब होईल’ म्हणून त्याला निबंध थांबवायला सांगितले गेले. त्याचा करार दर वर्षी नव्याने होत असे. त्याने निबंध थांबवला. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या घरी लहान मूल होते. पण त्या वर्षी त्याच्या अर्जात एक निबंध कमी दिसला, आणि समितीने तो कमी निबंध मोजला. तो का कमी आहे, हे समितीला कळायला वावच नव्हता.

या क्षेत्रात पैसा येतो तोही अडखळत. नव्या औषधाच्या चाचण्यांना निर्माता पैसे देतो. जुन्या, पेटंट संपलेल्या औषधाचे लेबल नीट वाचता यावे, दोन सारख्या नावांत गल्लत होऊ नये, हे कोणाच्या नफ्याचे काम नाही. सारख्या नावांतला वेगळा भाग मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापायची युक्ती २००१ पासून अमेरिकेत अधिकृतपणे सुचवली गेली. (देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात; आपल्या लिपीत छापलेल्या नावांसाठी याला पर्याय काय, हा कोणीतरी मनावर घ्यावा असा सुंदर संशोधनविषय आहे.) अशा कामाला अनुदान लहान मिळते, आणि आपण अनुदानाची रक्कम हीच गुणवत्ता धरता.

मग लेखकांच्या क्रमाचा प्रश्न येतो. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला ब्रिटनमधला ‘पिन्सर’ हा अभ्यास घ्या. ७२ दवाखान्यांत संगणकाच्या साहाय्याने धोकादायक औषधयोजना असलेले रुग्ण हुडकायचे, आणि फार्मासिस्टने डॉक्टरांबरोबर बसून त्या एकेक दुरुस्त करायच्या. चुका लक्षणीयरीत्या कमी झाल्या, आणि पुढे ही पद्धत कितीतरी दवाखान्यांनी स्वीकारली. असे काम एकट्याने होतच नाही. त्यात डॉक्टर लागतात, फार्मासिस्ट लागतात, संख्याशास्त्रज्ञ लागतात, अर्थशास्त्रज्ञ लागतात. लेखकांच्या यादीत सातव्या क्रमांकावरचा फार्मासिस्ट कदाचित तो असेल ज्याच्यावाचून अभ्यास उभाच राहिला नसता. आपण पहिले आणि शेवटचे नाव पाहता आणि पान उलटता.

यातून बाहेर पडण्यासाठी काय करता येईल याबद्दल मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे, आणि मागण्या अशक्य नाहीत.

अर्जाच्या नमुन्यात एक प्रश्न घाला: ‘तुमच्या कामामुळे कोणत्या ठिकाणी कोणती पद्धत बदलली, आणि ती आजही चालू आहे का?’ त्याच्या पुराव्यासाठी प्राध्यापकांच्या शिफारशींबरोबर वॉर्डातल्या मुख्य परिचारिकेचे, औषधविभागाच्या प्रमुखाचे पत्र मागवा. त्यांना इम्पॅक्ट फॅक्टर कळणार नाही, पण कपाटात आता काय आहे ते त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. संशोधकाला नियतकालिकाच्या आकड्याने जोखू नये, असे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या संस्थेने त्यावर सही केली असेल, तर ती सही निवड समितीच्या खोलीतही पाळली जावी.

एका रुग्णालयातला उपाय दुसरीकडे करून पाहणे आणि तो चालला नाही असे प्रामाणिकपणे छापणे, याला नव्या शोधाइतकेच वजन द्या. जो उपाय चालत नाही तो दहा ठिकाणी बसवला जाण्यापासून वाचतो, हे माझ्या मते फार मोठे काम आहे.

पदे अशी निर्माण करा की माणूस आठवड्याचे काही दिवस वॉर्डात आणि काही दिवस विद्यापीठात राहील, आणि दोन्हीकडचे काम एकाच सेवापुस्तकात मोजले जाईल. आज असे काम करणाऱ्याला रुग्णालय म्हणते तुम्ही विद्यापीठाचे, आणि विद्यापीठ म्हणते तुम्ही रुग्णालयाचे. परिचारिका आणि फार्मासिस्ट यांना प्राध्यापकपदाची वाट मोकळी करा. औषधाचा शेवटचा हात बहुतेक वेळा परिचारिकेचा असतो. बोस्टनमधल्या १९९५ च्या अभ्यासात दिसले होते की डॉक्टरांच्या लिहिण्यातल्या जवळपास निम्म्या चुका पुढे कोणीतरी पकडते, पण औषध देतानाची चूक पकडायला जवळजवळ कोणीच उरलेले नसते. त्या शेवटच्या टप्प्याचा अभ्यास ज्यांनी तो जगला आहे, त्यांनी करायला हवा.

आणि आपल्याच संस्थेतल्या चुकांवर निबंध लिहिणाऱ्याला लेखी संरक्षण द्या. नैतिकता समितीची परवानगी घेऊन झालेला अभ्यास रोखण्याचा अधिकार रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला नसावा, एवढे एक वाक्य नियमावलीत आले तरी माझ्या त्या सहकाऱ्यासारखी माणसे टिकतील.

कामाला लागणारा काळही ध्यानात घ्यावा. व्यवस्था बदलायला वर्ष, ती रुळायला वर्ष, आणि ती टिकली का हे कळायला आणखी दोन. आपली मूल्यमापनाची तीन वर्षांची मुदत संपते तेव्हा आमचे उत्तर अर्ध्यावर असते.

मला माहीत आहे की आपल्यापैकी अनेकजण स्वतः रुग्ण पाहतात. आपल्यालाही एखादी रात्र आठवत असेल, जेव्हा हातून जाणारा डोस कोणीतरी थांबवला, किंवा थांबवला नाही. चूक झाल्यानंतर ती करणाऱ्या डॉक्टरचे काय होते याबद्दल अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये लिहिले आणि त्याला ‘दुसरा बळी’ म्हटले. माझ्या क्षेत्रातल्या कितीतरी लोकांची सुरुवात तिथून झाली आहे. ते आपल्या चुकीबद्दल बोलत नाहीत, तिच्यावर काम करतात. अशा माणसाने आपल्यासमोर अर्ज ठेवला असेल, तर निबंध कमी का, एवढेच त्याला विचारू नका.

आपल्या पुढच्या बैठकीसाठी माझ्या विभागातून एक अर्ज येणार आहे. नाव इथे लिहिणे योग्य नाही. उमेदवार फार्मासिस्ट आहे, निबंध नऊ, त्यांतल्या दोनांवरच तिचे नाव पहिले. अर्जाला एक साधा कागद जोडलेला असेल: चार वॉर्डांच्या कपाटांतून तीव्र पोटॅशियम काढल्याची तारीख, रात्रीच्या पाळीसाठी केलेली सोय, आणि त्यानंतरच्या दर महिन्याच्या तपासणीची नोंद. शेवटच्या ओळीत वॉर्डाचा दूरध्वनी क्रमांक आहे. रात्री आठनंतर फोन केलात तर रात्रपाळीच्या सिस्टर उचलतील. पोटॅशियम लागले तर त्या काय करतात, ते त्यांनाच विचारा.

आपली,
औषधसुरक्षेची एक प्राध्यापक